रशियन नदी-क्रूझवरचा सप्टेंबरातला एक दिवस: पहाटेपासून रात्रीपर्यंत कसा आखावा

मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला जाणारी नदी-क्रूझ ठरवताना आपल्याकडचे बहुतेक प्रवासी जहाज कोठे कोठे थांबते याची यादी पाहतात आणि तेवढ्यावरच सहल पसंत किंवा नापसंत करतात. उन्हाळ्यात हे खपून जाते, कारण जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि काही पाहायचे राहिले तर ते संध्याकाळी पाहता येते. सप्टेंबरात मात्र सूर्य सकाळी सहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास मावळतो. त्यामुळे उजेडाचे बारा तास हेच दिवसाचे खरे भांडवल ठरते. माझ्या मते शरदातल्या या प्रवासाचा मुख्य कार्यक्रम डेकवर चालतो आणि गावांतली भटकंती ही त्याची पुरवणी असते, म्हणून दिवसाची आखणी जहाजाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेवरून न करता नदी आणि ऊन यांच्यावरून करावी.

ही आखणी कशी करायची ते एकाच दिवसाच्या आधारे सांगतो. मॉस्को सोडल्यानंतरचा पहिला पूर्ण दिवस त्यासाठी निवडला आहे. जहाज संध्याकाळी मॉस्कोच्या उत्तर नदी-स्थानकावरून निघते, रात्रभर मॉस्को कालव्यातून उतरते, पहाटे व्होल्गात शिरते, सकाळी काल्याझिनच्या अर्धवट बुडालेल्या घंटामनोऱ्याजवळून जाते, दुपारी उग्लिच गावाला लागते आणि अंधार पडता पडता रिबिन्स्क जलाशयाच्या दिशेने सरकते. जहाजागणिक वेळा एक-दोन तासांनी मागेपुढे होतात, पण क्रम हाच राहतो.

आरक्षणाच्या वेळी ठरवायच्या गोष्टी

तारीख निवडताना १० ते २५ सप्टेंबर या पंधरवड्यात सुटणारे जहाज पाहावे. या काळात वरच्या व्होल्गाकाठचे बर्च पिवळे पडू लागलेले असतात, ॲस्पेन तांबूस झालेले असतात आणि रोवानच्या फांद्या लाल फळांच्या घोसांनी लगडलेल्या असतात. पुढे उत्तरेला करेलियात गेल्यावर रंग आणखी गडद होतात, कारण तिकडे शरद आधी पोहोचतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली तिकिटे बरीच स्वस्त असतात, पण तोवर उत्तरेकडची पाने गळालेली असतात, पाऊस चिकट होतो आणि मोठ्या सरोवरांवर वारा सुटतो. पैसे वाचवायचेच असतील तर लहान केबिन घ्यावी, पण तारीख पुढे ढकलू नये.

केबिनची बाजू फारसे कोणी विचारत नाही. मॉस्कोहून पीटर्सबर्गच्या दिशेने जाताना या दिवसापुरती उजवी बाजू लाभाची आहे, कारण काल्याझिनचा मनोरा आणि उग्लिचचा क्रेमलिन, म्हणजे जुना किल्ला, ही दोन्ही स्थळे व्होल्गाच्या उजव्या तीरावर आहेत. उलट दिशेच्या सहलीत डावी बाजू मागावी. तरीही बाजूसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही, कारण महत्त्वाच्या वेळी आपण डेकवर असणार आहोत. त्यापेक्षा केबिन अगदी खालच्या डेकवर नाही ना, याची खात्री करावी. तिथे खिडकीऐवजी पाण्याच्या जेमतेम वर असलेले गोल झरोके असतात आणि इंजिनाची घरघर रात्रभर ऐकू येते.

या मार्गावरची बरीचशी चार-मजली जहाजे पूर्व जर्मनीतल्या बॉइझनबुर्गच्या गोदीत बांधलेली आहेत. त्यांची लांबी सव्वाशे मीटरच्या पुढे आणि रुंदी सतरा मीटरच्या आत असते. आतील सजावट वेळोवेळी बदललेली असली तरी सांगाडा जुनाच असल्यामुळे चकचकीत समुद्री क्रूझची अपेक्षा ठेवून जाऊ नये. २०२२ नंतर परदेशी पर्यटकांची संख्या घटल्याने बहुतेक फेऱ्यांवर रशियन प्रवासीच जास्त असतात, म्हणून इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक त्या विशिष्ट फेरीवर असेल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

व्हिसा आणि पैसे यांबाबत थोडक्यात सांगतो. भारतीय पारपत्रावर रशियाचा ई-व्हिसा मिळतो, पण तो ठराविक विमानतळांवर आणि सीमाठाण्यांवरच चालतो, आणि मुक्कामाचे कमाल दिवस ठरलेले असतात. त्या दिवसांत क्रूझ आणि तिच्या मागचे-पुढचे मुक्काम बसतात की नाही हे अधिकृत संकेतस्थळावर तपासावे. विमानतळावर मिळणारे स्थलांतर-कार्ड परतीपर्यंत पारपत्रात जपून ठेवावे. भारतात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत, त्यामुळे संपूर्ण प्रवासाचा वरखर्च रोखीने न्यावा लागतो; डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा मॉस्कोतच बँकेत बदलून रूबल घ्यावेत. मॉस्कोचे विमानतळ ड्रोनच्या धोक्यामुळे अधूनमधून काही तास बंद ठेवले जातात, म्हणून जहाज सुटण्याच्या दिवशीच मॉस्कोत उतरण्याचे धाडस करू नये. किमान एक रात्र आधी पोहोचावे.

आदल्या संध्याकाळी

उत्तर नदी-स्थानक १९३७ साली कालव्याबरोबरच उभे राहिले आणि डागडुजीनंतर २०२० मध्ये पुन्हा खुले झाले. स्वतःच जहाजाच्या आकाराची असलेली ही इमारत आणि तिच्या माथ्यावरचा तारा असलेला उंच सुळका नीट पाहायचा असेल तर जहाज सुटण्याच्या दोन तास आधी पोहोचावे.

जहाजावर चढल्यावर पहिले काम जेवणाचे. भोजनगृहात टेबले बहुधा संपूर्ण प्रवासासाठी ठरवून दिलेली असतात आणि शाकाहारी व्यक्तीची नोंद त्याच वेळी झाली नाही तर पुढचे दोन दिवस समजावण्यात जातात. तिथे "मी शाकाहारी आहे" एवढे सांगून भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी मासे आणि कोंबडीच्या अर्कातले सूप हेही शाकाहारात बसते. "बेझ म्यासा, बेझ रीबी, बेझ म्यास्नोवा बुल्योना", म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचे पाणीही नको, असे तीन तुकड्यांत सांगावे आणि अंडे चालत नसेल तर "बेझ याइत्स" जोडावे. हे रशियन लिपीत एका कागदावर लिहून घेऊन वाढणाऱ्या व्यक्तीच्या हातात दिले तर आणखी उत्तम. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांनी उकडलेले बटाटे, ग्रेच्का म्हणजे शिजवलेला कुट्टू, पनीरसारखे त्वोरोग, काकडी-टोमॅटो आणि पाव यांवर दिवस काढण्याची तयारी ठेवावी. मेतकूट, कोरडी चटणी, थेपले आणि डिंकाचे लाडू बरोबर असलेला मनुष्य या जहाजावर सुखी असतो, एवढे सांगून पुढे जातो.

दुसरे काम कपड्यांचे. सप्टेंबरच्या मध्यावर या पट्ट्यात दुपारचे तापमान १४ ते १७ अंशांच्या घरात असते, पण पहाटे ते ५ ते ८ अंशांपर्यंत उतरते, आणि चालत्या जहाजावर वाऱ्यामुळे त्याहूनही थंड वाटते. एकच जाड कोट नेण्याऐवजी अंगाला चिकटणारा आतला गरम सदरा, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट अशी तीन थरांची व्यवस्था ठेवावी. कानटोपी आणि हातमोजे विसरू नयेत. मोबाइलने फोटो काढणाऱ्याची बोटे आधी बधिर होतात. हे सगळे झोपण्यापूर्वी खुर्चीवर काढून ठेवावे, म्हणजे पहाटे अंधारात बॅग उपसावी लागत नाही.

तिसरे काम म्हणजे नकाशा. नदीपात्रात मोबाइलला रेंज तुटक मिळते, आणि रशियात मोबाइल इंटरनेट काही वेळा मुद्दाम बंदही केले जाते. त्यामुळे मॉस्को ते रिबिन्स्क हा भाग ऑफलाइन नकाशात आधीच उतरवून घ्यावा. जीपीएस चालू असेल तर आपण काल्याझिनपासून किती दूर आहोत हे कोणालाही न विचारता कळते.

पहाट: कालवा आणि लॉक

भारतातून नुकत्याच आलेल्या प्रवाशाला पहाटे उठणे जड जात नाही, कारण मॉस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते आणि तिथे पाच वाजतात तेव्हा आपल्या शरीराला साडेसात वाजल्यासारखे वाटत असते. या फरकाचा पहिले तीन-चार दिवस पुरेपूर फायदा घ्यावा.

मॉस्को कालवा १२८ किलोमीटर लांब आहे. १९३२ ते १९३७ या काळात तो खोदला गेला आणि हे काम मुख्यतः दिमित्लाग या श्रमछावणीतल्या कैद्यांनी केले. त्यांपैकी असंख्य कैदी इथेच मेले. जहाजावरच्या निवेदनात बांधकामाची भव्यता येते आणि हा भाग कधी येतो, कधी गाळला जातो, म्हणून तो माहीत असलेला बरा. मॉस्कोजवळचा जलाशय समुद्रसपाटीपासून १६२ मीटरवर आहे आणि कालवा जिथे व्होल्गाला मिळतो तो इवान्कोवो जलाशय १२४ मीटरवर. हा ३८ मीटरचा उतार जहाज रात्रीतून पाच लॉकमधून उतरते.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले काँक्रीटचे प्रचंड कुंड. कालव्यावरची ही कुंडे २९० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहेत. जहाज आत येते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी सोडून दिले जाते आणि पातळी खालच्या नदीशी जुळली की पुढचा दरवाजा उघडतो. सगळा प्रकार अर्ध्या तासाच्या आसपास आटोपतो. पाचही लॉक पाहण्यासाठी जागरण करण्याची गरज नाही. याख्रोमा येथील तिसऱ्या क्रमांकाच्या लॉकच्या मनोऱ्यांवर कोलंबसाच्या जहाजाच्या धर्तीवरच्या तांब्याच्या नौका बसवल्या आहेत. त्या रात्री दिव्यांत दिसल्या तर पाहाव्यात, नाही दिसल्या तर हळहळू नये.

आपण पाहायचा तो दुब्नाचा पहिल्या क्रमांकाचा लॉक. जहाज इथे इवान्कोवो जलाशयातून, म्हणजे १२४ मीटरवरून, धरणाखालच्या व्होल्गात ११३ मीटरवर उतरते. लॉकपर्यंत पोहोचण्याची नेमकी वेळ आदल्या रात्री स्वागतकक्षात विचारावी, गजर त्याच्या पंधरा मिनिटे आधीचा लावावा, आणि सर्वांत वरच्या डेकवर न जाता मधल्या डेकच्या कठड्यापाशी उभे राहावे. वरून केवळ देखावा दिसतो, तर मधल्या डेकवर भिंत हाताच्या अंतरावर येते. जहाज उतरू लागले की शेवाळलेले, ठिबकणारे काँक्रीट हळूहळू वर सरकताना दिसते. भिंतीतल्या खाचेत एक लोखंडी आकडा असतो. जहाजाचा दोर त्याला बांधतात आणि तो आकडा पाण्याबरोबरच खाली घसरत जाताना गंजलेल्या बिजागरीसारखा कर्कश किंचाळतो. रात्री केबिनमध्ये हा आवाज प्रथमच ऐकणारा प्रवासी दचकून उठतो, तेव्हा तो कशाचा आहे हे आधीच माहीत असावे.

दुब्नाला कालव्याच्या तोंडाशी लेनिनचा २५ मीटर उंचीचा पुतळा आहे. समोरच्या तीरावर स्टालिनचाही तेवढाच भव्य पुतळा होता. तो १९६०च्या दशकाच्या आरंभी उडवून देण्यात आला आणि आता नुसता चौथरा उरला आहे. जहाज अंधारात पोहोचले तर यांतले काहीच धड दिसत नाही. लॉकवर सशस्त्र पहारा असतो आणि अनेक ठिकाणी छायाचित्रणास मनाईच्या पाट्या असतात. पाटी दिसल्यास कॅमेरा खाली घ्यावा आणि पहारेकऱ्यांचे फोटो कोणत्याही परिस्थितीत काढू नयेत. ड्रोन तर भारतातूनच नेऊ नये.

सहा ते साडेआठ: दिवसातले सर्वोत्तम अडीच तास

लॉकमधून सुटल्यावर जे नदीपात्र लागते ते सूर्योदयाच्या वेळी पाहावे, कारण सप्टेंबरात पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने त्यावर धुक्याचा पातळ पदर तरंगत असतो आणि काठावरची पिवळी झाडे त्यातून अर्धवट बाहेर डोकावतात. या वेळी डेकवर जेमतेम पाच-सहा माणसे असतात. आठनंतर सकाळचा व्यायाम, न्याहारी आणि ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा सुरू होतात आणि मग ती शांतता परत मिळत नाही.

डेकवर बसण्याचेही शास्त्र आहे. जहाजाच्या नाकाशी वारा सर्वांत जास्त लागतो, तर मागच्या टोकाशी धुराड्याचा वास येतो. दोन्ही बाजूंच्या मधल्या भागात, केबिनच्या भिंतीला पाठ लावून बसले तर वारा अडतो आणि एक तीर पूर्ण दिसतो. जहाजावरून मिळणारे पांघरूण घ्यावे, थर्मासमध्ये गरम पाणी भरून घ्यावे. जुन्या जहाजांवर उकळत्या पाण्याचा बंब सामायिक जागेत असतो आणि तो चहासाठी सर्वांना मोकळा असतो. दुर्बीण बरोबर असेल तर काठावरच्या लाकडी घरांच्या खिडक्यांभोवतीचे कोरीव काम, धक्क्यावर गळ टाकून बसलेले म्हातारे, परसातल्या बटाट्यांची काढणी असे बरेच काही दिसते. सप्टेंबर हा इथल्या घरोघरी बेगमीचा महिना असतो.

धुके फार दाट झाले तर जहाज नांगर टाकून थांबते. त्यात दोन-तीन तास जाऊ शकतात आणि मग उग्लिचमधला वेळ कापला जातो. याची तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण दृश्यता कमी असताना जहाज न हाकणे हा सुरक्षेचा नियम आहे.

न्याहारी साडेआठला उरकावी. दोन पाळ्या असतील तर पहिली पाळी मागावी, कारण दुसऱ्या पाळीतला प्रवासी काल्याझिन येते तेव्हा लापशी खात बसलेला असतो.

काल्याझिन आणि एक मराठी संदर्भ

दुब्नानंतर सुमारे चार-पाच तासांनी काल्याझिन येते. १९३९-४० मध्ये उग्लिचचे धरण भरू लागले तेव्हा या गावाचा जुना भाग पाण्याखाली गेला. सेंट निकोलसचे कथेड्रल पाडले गेले, पण १८०० साली पुरा झालेला त्याचा ७४.५ मीटर उंचीचा पाच टप्प्यांचा घंटामनोरा तसाच राहिला आणि पुढे नावाड्यांना दिशा दाखवणारी खूण म्हणून उपयोगी पडला. १९८०च्या दशकात पायाशी भराव घालून त्याला लहानसे बेट करून देण्यात आले. मनोरा बऱ्याच दूरवरून दिसू लागतो, मात्र अगदी शेजारून जाण्याचा काळ काही मिनिटांचाच असतो. त्यामुळे दूर असतानाच फोटो काढत बसण्यापेक्षा उजव्या कठड्यापाशी जागा धरून ठेवावी. ऊन समोरून असल्यास मनोरा नुसती काळी आकृती दिसतो, अशा वेळी जहाज पुढे गेल्यावर मागच्या डेकवर जाऊन वळून पाहावे. उजळलेली बाजू तेव्हा दिसते.

मराठी प्रवाशाने इथे आणखी एक गोष्ट आठवावी. पंधराव्या शतकाच्या साठीत त्वेर गावचा अफानासी निकितिन हा व्यापारी याच व्होल्गातून खाली निघाला. काल्याझिनच्या मठात मकारी या मठाधिपतीचे आशीर्वाद घेऊन तो उग्लिच, कोस्त्रोमा असे करत पुढे गेला, अस्त्राखानजवळ लुटला गेला, इराणमार्गे होर्मूझला पोहोचला आणि तिथून समुद्राने आपल्या चौलला उतरला. पुढे त्याने पावसाळा जुन्नरला काढला. तिथल्या पावसाचे आणि चिखलाचे वर्णन त्याच्या टिपणांत आहे, आणि जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेऊन धर्म बदलण्याची अट कशी घातली होती तेही आहे. घोडा नंतर परत मिळाला. निकितिन पुढे बिदरला गेला, परतीला निघाला, पण त्वेरला पोहोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याने जिथे आशीर्वाद घेतले तो काल्याझिनचा मठ याच जलाशयात बुडाला. चौलशेजारच्या रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे; तिथे जाऊन आलेल्या माणसाला हा नदीचा पट्टा परका वाटत नाही.

जहाजावरचे बहुतेक रशियन प्रवासी निकितिनला शाळेपासून ओळखतात. आपण चौल आणि जुन्नर यांच्या जवळचे आहोत एवढे त्यांना मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगितले तरी चहाच्या टेबलावर संभाषण सुरू होते, आणि हे जहाजावरच्या रशियन भाषेच्या तासापेक्षा खचितच जास्त उपयोगी पडते.

उग्लिच: उतरण्याची रीत

काल्याझिननंतर दोन-तीन तासांत उग्लिचचे धरण येते. इथे जहाज ११३ मीटरवरून १०२ मीटरवर, म्हणजे आणखी अकरा मीटर उतरते. या लॉकच्या वेळी दिवसाउजेड असल्याने ज्यांचा पहाटेचा लॉक झोपेत गेला त्यांनी हा पाहावा. लॉकमधून बाहेर पडल्यावर उजव्या तीरावर लाल भिंती आणि चांदण्या रंगवलेल्या निळ्या घुमटांचे चर्च दिसते. उग्लिचचा सर्वांत चांगला फोटो जहाजावरून, याच क्षणी मिळतो. गावात गेल्यावर तो मिळत नाही.

धक्क्यावर एकाच वेळी तीन-चार जहाजे आलेली असतील तर ती एकमेकांना चिकटून उभी राहतात आणि बाहेरच्या जहाजातल्या लोकांना आतल्या जहाजांच्या दालनांतून चालत किनाऱ्यावर जावे लागते. त्यामुळे उतरताना आपल्या जहाजाचे नाव आणि ते कितव्या क्रमांकावर उभे आहे हे पाहून ठेवावे. ही सगळी जहाजे आतून सारखीच दिसतात. उतरताना स्वागतकक्षात मिळणारे कार्ड बरोबर ठेवावे आणि परतल्यावर न विसरता जमा करावे, कारण कोण परतले नाही याची मोजणी त्यावरूनच होते. केबिनचे पडदे ओढून जावे. परत येईपर्यंत आपल्या खिडकीसमोर दुसऱ्या जहाजाची खिडकी, आणि त्यात एखादे अनोळखी कुटुंब, येऊन ठाकलेले असू शकते.

थांबा साधारण तीन तासांचा असतो. त्यांतले दोन तास मार्गदर्शकाबरोबर क्रेमलिनमध्ये जातात आणि हे दोन तास सोडू नयेत, कारण उग्लिचची गोष्ट माहीत नसेल तर तिथे फक्त जुन्या इमारती दिसतात. चौथा इव्हान, ज्याला इतिहास क्रूर इव्हान म्हणून ओळखतो, १५८४ मध्ये मरण पावला. त्याचा धाकटा मुलगा दिमित्री आईसह उग्लिचला धाडण्यात आला होता. १५ मे १५९१ रोजी हा आठ वर्षांचा राजपुत्र गळ्यावर जखम झालेल्या अवस्थेत मेलेला आढळला. सरकारी चौकशीने फेफऱ्याच्या झटक्यात स्वतःच्याच सुरीने जखम झाल्याचा निष्कर्ष काढला, तर लोकांनी त्या वेळी प्रत्यक्ष सत्ता चालवणाऱ्या बोरिस गोदुनोवकडे बोट दाखवले. राजघराण्याचा वंश पुढे खुंटला आणि देशात मोठी अंदाधुंदी माजली. राजपुत्र पडला त्या जागी १६९२ मध्ये बांधलेले चर्च म्हणजेच आपण जहाजावरून पाहिलेले लाल चर्च होय. आत भिंतीवर हत्येचे प्रसंग रंगवले आहेत.

त्याच चर्चमध्ये एक घंटा टांगलेली आहे आणि घाईच्या गटात ती हमखास राहून जाते. दिमित्रीच्या मृत्यूनंतर हीच घंटा वाजवून लोकांना गोळा केले गेले आणि दंगल झाली, म्हणून लोकांबरोबर घंटेलाही शिक्षा झाली अशी कथा आहे. तिला फटके मारले, तिचा लोलक काढला, कान कापला आणि तिला सायबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केले. ती उग्लिचला परत आली १८९२ मध्ये. मार्गदर्शकाला घंटा कोठे आहे ते आधीच विचारून ठेवावे आणि गट बाहेर पडताना दोन मिनिटे मागे थांबावे. शेजारच्या जुन्या राजवाड्याचा विटांचा उरलेला भाग पंधराव्या शतकातला आहे. तो बाहेरून पाहिला तरी पुरे. कथेड्रलमध्ये चार-पाच पुरुषांचे गायकवृंद गटांसाठी प्रार्थनागीते गातात. ऐकावे, डबीत काही रूबल टाकावेत.

चर्चमध्ये जाताना स्त्रियांनी डोक्यावर ओढणी किंवा रुमाल घ्यावा आणि पुरुषांनी टोपी काढावी, नेमके आपल्या उलट.

उरलेल्या तासात धक्क्याकडच्या वाटेवरच्या टपऱ्यांवर रेंगाळण्याऐवजी थोडे आत, गावाच्या बाजूला जावे. टपऱ्यांवरच्या मात्र्योश्का, म्हणजे एकीत एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या, मॉस्कोतही मिळतात. उग्लिचचे स्वतःचे म्हणावे असे दोन जिन्नस आहेत. एक म्हणजे इथल्या कारखान्याच्या नावाने ओळखली जाणारी चाइका घड्याळे. सोव्हिएत काळातली जुनी घड्याळे घेताना चावी देऊन, कानाशी धरून आणि काटे फिरवून पाहावे. दुसरा जिन्नस चीज; लोणी आणि चीज यांवर संशोधन करणारी देशातली महत्त्वाची संस्था याच गावात आहे आणि उग्लिचचे चीज देशभर विकले जाते. प्राणिज रेनेट, म्हणजे दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ, टाळणाऱ्यांनी ते घेण्याआधी विचारावे. घराबाहेर बाकावर बसलेल्या आजीबाई सप्टेंबरात सफरचंदे, सुकवलेली अळंबी आणि लोकरीचे मोजे विकतात. मोजे अवश्य घ्यावेत, त्याच संध्याकाळी डेकवर कामाला येतात. अळंबी मात्र घेऊ नये, भारतात नेताना सीमाशुल्काच्या दारात त्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो.

जहाजावर परतण्याची वेळ दिलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधीची धरावी. जहाज थांबत नाही, आणि पुढचा थांबा बहुधा दुसऱ्या दिवशी असतो.

संध्याकाळ आणि रात्र

उग्लिच सोडल्यापासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ हा दिवसातला दुसरा मोलाचा टप्पा आहे. ऊन तिरपे होते, काठावरचा पिवळा रंग तांब्यासारखा होतो आणि नदी अजून अरुंद असल्याने दोन्ही तीर स्पष्ट दिसतात. नेमक्या याच वेळी जहाजावर समोवाराचा, म्हणजे पाणी उकळण्याच्या रशियन बंबाचा, चहा, कप्तानाच्या स्वागताची मेजवानी किंवा गाण्यांचा कार्यक्रम ठेवलेला असतो. कप्तानाची मेजवानी म्हणजे एक पेला, एक भाषण आणि फोटो. ती चुकवल्याने काही बिघडत नाही. समोवाराचा चहा घ्यावा, पण कप हातात धरून बाहेर यावे. वाटेत मिश्किन हे उंदराचे नाव लावणारे चिमुकले गाव येते. तिथे उंदरांचे संग्रहालयही आहे. काही फेऱ्या तिथे थांबतात, काही नुसत्या पुढे जातात.

अंधार पडल्यावर पात्र रुंदावत रिबिन्स्क जलाशयाला मिळते. १९४१ मध्ये भरू लागलेला हा जलाशय सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटरचा आहे आणि मोलोगा हे आख्खे शहर शेकडो गावांसह त्याच्या तळाशी आहे. काठ दिसेनासे होतात, आणि शरदात वारा उत्तरेकडून असला तर जहाज चक्क डोलू लागते. ज्यांना गाडी लागते त्यांनी आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली गोळी रात्रीच्या जेवणाआधी घ्यावी, त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. जेवण हलके ठेवावे. टेबलावरचा चहाचा पेला आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल कडेला ठेवू नये. विजेची सॉकेटे दोन गोल पिनांची असतात. आपला तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही, एक साधा अडॅप्टर लागतो.

झोपण्यापूर्वी दारातून सरकवलेली दुसऱ्या दिवसाची पत्रिका वाचावी आणि त्यात नसलेल्या दोन गोष्टी स्वागतकक्षात विचाराव्यात: सूर्योदयाच्या वेळी जहाज कोठे असेल, आणि वाऱ्याचा इशारा आला आहे का. काही फेऱ्या रात्री रिबिन्स्कचा लॉक उतरून यारोस्लाव्लला जातात, तर काही जलाशय ओलांडून सरळ शेक्स्ना नदीकडे वळतात. पहिल्या मार्गावर पहाटे पाहण्याजोगा तीर असतो. दुसऱ्या मार्गावर चहूकडे पाणीच असते, तेव्हा गजर न लावता झोपून घ्यावे.